तेल पाजलेली जमीन

मी माती तपासते असं म्हटलं की रत्नागिरीतला माणूस लगेच आपल्या कलमांचं दुखणं काढून बसतो. मोहर येतो पण धरत नाही, फळ सुपारीएवढं झालं की गळतं, तर बाई, कोणतं खत घालू? इथं माती म्हणजे आंब्याची माती. तिच्याशिवाय आणखी कुठली माती असते, हे लोकांच्या गावीही नसतं. मग मी सांगते की माझी माती झाडाखालची नाही, घराखालची. ती पिकेल का हे मला सांगता येणार नाही, भार उचलेल का एवढंच सांगता येईल. हे ऐकून समोरच्याचा चेहरा असा पडतो की मलाच अपराधी वाटतं.

पावसहून एक बागायतदार आले होते. बंगला बांधायचा होता, इंजिनिअरने मातीचा रिपोर्ट मागितला होता. त्यांनी स्टीलच्या डब्यातून माती आणली. उन्हात वाळवलेली, खडे वेचलेली, चक्क पिठाच्या चाळणीने चाळलेली. म्हणाले, "घरच्यांनी दोन दिवस खपून साफ केलीय." मुलगी दाखवायला आणावी तशी त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. आता त्यांना कसं सांगायचं की मला माती आहे तशीच लागते, तिच्या खड्यांसकट, ओलीसकट, जमिनीत ज्या दाटीने बसली होती त्या दाटीसकट? गणपतीपुळ्याचे एक लॉजवाले तर खोदाईच्या आधीच प्रसादाचा नारळ घेऊन आले आणि म्हणाले, "रिपोर्ट तेवढा चांगला द्या हो." नारळ घेतला. रिपोर्ट जसा आला तसा दिला.

खरं सांगायचं तर रत्नागिरीत माझ्या धंद्याला फारसा वाव नव्हता. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जांभा दगड आहे. जांभ्यावर घर बांधणाऱ्याला माझी गरज नसते. तो दगड कापून दगडावर ठेवतो, पुढच्या पिढ्या त्यात सुखाने नांदतात. माझं गिऱ्हाईक खाली, खाडीकाठी. तिथे खाजण आहे, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर पूर्वी यायचं ती सखल जमीन. तिची माती करडी, चिकट, वाळली की भेगाळणारी आणि भिजली की पायातली चप्पल काढून घेणारी. या मातीवर माझं घर चाललं, आणि तिच्यावर माझा जीवही आहे. ती लबाड आहे, पण तिची लबाडी ओळखू येते. एकदाच अशी माती हातात आली की ती मला ओळखूच येईना.

ती उस्मानभाईंची माती. खरं म्हणजे त्यांच्या बायकोची, हमीदाभाभींची, पण ते मला नंतर कळलं.

उस्मानभाई बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री. पावसच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात त्यांची पत्र्याची शेड होती. आसपासच्या मच्छीमारांची इंजिनं दुरुस्तीला तिथेच यायची. कान लावून नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत, अशी त्यांची ख्याती. मी त्यांना पाहिलं तेव्हा हातांना कंप सुटला होता आणि धंदा बंद झाला होता. नवरा-बायको राहत होती ते घर भावांच्या वाटणीत धाकट्याकडे गेलं होतं. यांच्याकडे उरली होती ती फक्त शेडची जागा. तिथे छोटं घर बांधायचं, नाहीतर मुलाकडे मुंब्र्याला जायचं, असे दोनच रस्ते होते.

मुलगा अस्लम गुणी होता. आई-वडिलांनी आपल्याकडे यावं असं त्याला मनापासून वाटत होतं. पण घराचा पाया खणायला घेतला तेव्हा चराची बाजू ढासळली आणि डिझेलचा असा भपकारा आला की गवंड्याने फावडं टाकलं. म्हणून माझ्याकडे आले, तिघंही.

हमीदाभाभींनी पहिल्याच भेटीत मला बाजूला घेतलं. "बाय, मना मुंब्र्याला नको. अस्लमची बायको चांगली हाय, नातवंडां गोड हायत. पन तिकडं खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. मी जल्मापासना खाडी बगतंय. भरती आली का ओहोटी लागली, ता मना अंथरुनात समजता." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू काय ता कर. पन मना हितंच ऱ्हायचा हाय."

मी त्यांना सांगितलं की माझ्या हातात काही नाही, मी फक्त माती काय म्हणते ते लिहिते. हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी ते मलाच जरा कोरडं वाटलं.

जागा बघायला गेले तेव्हा उस्मानभाई अगदी उत्साहात होते. त्यांना रिपोर्टची चिंताच नव्हती. शेडच्या मधोमध उभं राहून त्यांनी टाच आपटून दाखवली. "मॅडम, ही जागा कच्ची कशी असंल? आमी होडीला तेल पाजतो का नाय? तेल पाजला की लाकूड खाऱ्या पान्यात वर्सांनुवर्सां टिकता, कीड लागत नाय, पानी धरत नाय. मंग ह्या जमिनीन तर माज्या होडीपरास जास्ती तेल पिलाय. ही पक्की झालेली जागा हाय."

बोलणं इतक्या खात्रीचं होतं की क्षणभर मलाही पटलं. इंजिन खोललं की जुनं काळं ऑईल जमिनीवर सोडायचं, टाकी धुतली की तेही तिथेच. आयुष्यभर असं चाललं होतं, आणि ते त्यांना कधी घाण वाटलं नव्हतं. होडीला पाजतात तसं ते जमिनीला पाजत होते. समुद्राजवळ जन्म गेलेल्या माणसालाच असं वाटू शकतं, आणि त्यात वेडगळ असं काही नाही. लाकूड एकसंध असतं, तेल त्याच्या छिद्रांत बसतं आणि पाण्याला बाहेर ठेवतं. चिकणमातीचं मात्र उलटं आहे. ती म्हणजे अतिशय बारीक पापुद्र्यांचा ढीग. जराशा पाण्याच्या ओलीने ते पापुद्रे एकमेकांना धरून राहतात. त्यांच्यामध्ये तेल शिरलं की ती धरपकड सुटते. वरून टाच आपटली तर माती टणक लागते, पण घराचा भार आला की आतल्या आत सरकते.

मी शेडमधून नमुने घेतले आणि जागेच्या कडेला, माडाजवळ, जिथे तेल पोचलं नव्हतं तिथूनही घेतले. आमच्या कामात ओल मोजण्याची साधी रीत आहे: माती वजन करून भट्टीत वाळवायची, जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. या मातीने तिथेच घोळ घातला. भट्टीत पाण्याबरोबर तेलही उडत होतं, त्यामुळे घटलेलं वजन पाण्याचं किती आणि तेलाचं किती, कळेना. भडका उडू नये म्हणून भट्टी मंद ठेवून जवळ बसून राहावं लागलं. माझी प्रयोगशाळा घराच्या तळमजल्यावर आहे. डिझेलचा वास घरभर झाला आणि वरून आमच्या ह्यांनी विचारलं, "खाली बोट आलीय काय?"

मातीची ताकद बघायची चाचणी मात्र कुणालाही समजेल अशी असते. मातीची टॉर्चच्या मोठ्या सेलएवढी उभी कांडी करायची, यंत्रात ठेवायची आणि वरून हळूहळू दाबायची. ती कुठवर तग धरते ते बघायचं. उस्मानभाईंना यंत्राचा सोस, म्हणून ते मुद्दाम बघायला आले. आधी माडाजवळची कांडी लावली. ती बराच वेळ ताठ राहिली, मग तिरकी चीर जाऊन फुटली. "चांगली हाय," ते म्हणाले. मग शेडखालची लावली. तिने फुटण्याचेही कष्ट घेतले नाहीत. थोडा भार आला आणि ती बसत गेली, कडेला तेलाची चकाकी सुटली.

"परत लावा," ते म्हणाले.

दुसरी कांडी लावली. तीही तशीच बसली. उस्मानभाई यंत्राकडे बघत राहिले. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. "मॅडम, एक अर्ज हाय. रिपोर्टात असा लिवा की खाडीच्या पान्यान माती बिगाडली. तेलाचा नाव नको."

मी तापट आहे. रिपोर्ट बदला म्हणणाऱ्यांना मी चांगलंच फैलावर घेते, आणि त्यांनाही घेतलं. उद्या कुणी तिथे दुसरं काही बांधलं तर? जागेतल्या विहिरीचं पाणी कुणी प्यायलं तर? ते खाली मान घालून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "ती जागा माजी नाय मॅडम. तिची हाय. तिच्या बापान तिचा हिस्सा म्हनून तिला दिलेली. लग्न झाला तवा माज्याकडं काय नव्हता. तीच बोलली, माज्या जागेत शेड घाला. एवडीच एक वस्तू तिच्या नावावर, आन ती मी माज्या हातान नासवली. मुंब्र्याला जाऊ, काय हरकत नाय. पन माज्यामुलं जातोय ता तिला समजाया नको."

मघाशी तावातावाने जे बोलले ते सगळं खरं होतं आणि तरीही मला माझीच लाज वाटली. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. ते आपले हात बघत होते. नखांच्या कडांतलं काळं आता कधीच निघणार नव्हतं.

रिपोर्ट लिहिताना मला एक मोह झाला, तो सांगते. 'हायड्रोकार्बन' असा शब्द लिहून टाकावा. खोटं नाही आणि त्या घरात कुणाला कळायचंही नाही. पण जो कोणी त्या जमिनीवर काम करील त्याला सरळ कळलं पाहिजे. म्हणून मी लिहिलं, 'इंधन व वंगण तेल'. रिपोर्ट पोस्टाने पाठवता आला असता, पण मी स्वतः घेऊन गेले.

शेडमध्ये दोघंही होती. हमीदाभाभींनी कागद माझ्या हातून घेतला. मराठी शाळेत गेलेल्या होत्या; एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचायची त्यांची पद्धत. "सदर मातीत, इंधन व वंगण तेलाचा अंश, मोठ्या प्रमाणात आढळल्याने..." त्या थांबल्या. "वंगन म्हंजे काय गो बाय?"

"इंजिनाचं ऑईल, भाभी."

"म्हंजे ह्यांचा."

उस्मानभाई खाडीकडे तोंड करून बसले होते. वळले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी मोडणार. हमीदाभाभींनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला.

"जमिनीन तेल पिला, म्हनून पोरान दूध पिला," त्या म्हणाल्या. "ता पन लिव की बाय तुज्या रिपोर्टात."

माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. इतकी वर्षं मी मातीबद्दल लिहीत आले. एखाद्या जागेबद्दल इतकं अचूक मला कधी लिहिता आलं नाही. उस्मानभाईंचे खांदे हलत होते. हमीदाभाभी त्यांच्याजवळ गेल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "आता रडताव कशाला? मना म्हाईत नव्हता काय? तुमचे कपडे मीच धुवायची ना!" आणि मग माझ्याकडे वळून, "ही माती सुधारता का नाय, ता सांग."

साधा उपाय असा की सगळी तेलकट माती उकरून काढायची आणि डोंगराकडची चांगली माती भरायची. पण ती उकरलेली माती टाकायची कुठे? खाडीत टाकली तर मासळीच्या पोटात जाणार. दुसऱ्याच्या जागेत टाकली तर त्याची जागा जाणार. एवढ्या मातीची रीतसर विल्हेवाट लावणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. मग मला आठवलं ते तंतूंचं काम. बाहेर मोठ्या प्रयोगशाळांत लोक तेलकट चिकणमातीत प्लास्टिकचे बारीक तंतू मिसळून बघत होते. पांढरे, केसासारखे, नखाएवढे कापलेले. सिमेंटच्या पोत्याचं प्लास्टिक असतं त्याच जातीचं. पापुद्र्यांनी एकमेकांना सोडलं तर निदान तंतूंनी त्यांना धरावं, एवढाच त्यातला विचार. मी ते वाचलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं.

हमीदाभाभींनी लगेच विचारलं, "जाल्याचा नायलॉन चालंल?" गावात जुन्या जाळ्यांचे ढीग पडलेले. तेही करून बघितलं. नाही जमलं. धागा जाड, गुळगुळीत, मातीतून सुटून यायचा. जमलं असतं तर छापायला मोठी गोड गोष्ट झाली असती, पण माती आपल्या गोष्टीसाठी थांबत नाही. शेवटी विकतचेच तंतू आणले. तेही सहज मिसळत नव्हते. कमी घातले तर उपयोग नाही, जास्त घातले तर गुंता होऊन गोळे बनत आणि गोळ्यात माती शिरत नसे. हमीदाभाभी माझ्या टेबलाशी बसून तंतू मोकळे करून द्यायच्या आणि मी माती मळायची. मग मूठ मूठ तंतू भुरभुरत ते मिश्रण थरांत ठोकायचं. कितीतरी कांड्या वाया गेल्या. या कामात मला हवी तशी, गप्प राहणारी सोबत पहिल्यांदाच मिळाली.

जमलेली कांडी लावली त्या दिवशी उस्मानभाईही होते. भार वाढत गेला. कांडी मध्ये फुगली, आता बसणार असं वाटलं, पण बसली नाही. बारीक चिरा पडल्या आणि प्रत्येक चिरेत पांढरे तंतू ताणलेले दिसत होते. माडाजवळच्या चांगल्या मातीइतकी नाही, पण तिच्या जवळपास ती पोचली.

"सोडत नाय," उस्मानभाई पुटपुटले.

मग घर झालं. सगळ्यात काळी माती, जिथे रोज ऑईल सोडलं जाई तिथली, तेवढी काढून रीतसर विल्हेवाटीला पाठवली. बाकीची तंतू घालून थराथराने ठोकली, प्रत्येक थर मी तपासला. वर जाड प्लास्टिक अंथरून सबंध घराखाली एकच सलग काँक्रीटचा स्लॅब टाकला. इंजिनिअर आधी कुरकुरला, मग कांडी बघून गप्प बसला. विहीर बंद करून नळाचं पाणी घेतलं. एक मात्र मी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. तंतू माती धरून ठेवतात, तेल काढत नाहीत. जमीन बरी झालेली नाही, तिला आधार मिळालाय एवढंच. याची मला आजही रुखरुख आहे. आमच्या धंद्याला भार उचलता येतो, पण झालेलं पुसता येत नाही.

पावसाळा सरल्यावर उस्मानभाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मॅडम, तडा गेला."

हातातली कामं टाकून मी गेले. घर आटोपशीर, दोन खोल्या आणि खाडीकडे पडवी. उस्मानभाईंनी मला बाहेरच्या खोलीतल्या भिंतीशी नेलं. केसाएवढी चीर. त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा केल्या होत्या. रोज सकाळी उठून ते घरभर भिंती तपासत असत, हे मला हमीदाभाभींनी सांगितलं. मी चारी कोपऱ्यांची पातळी घेतली, पायाच्या कडेने फिरले, दारं-खिडक्या लावून बघितल्या. घर होतं तिथेच होतं. गिलावा लवकर वाळला होता, त्याची ती चीर, इतकंच.

"खरा सांगा मॅडम. मना बरा वाटावा म्हनून नको."

"मी रिपोर्ट बदलत नाही, उस्मानभाई. तुम्हाला माहीत आहे."

ते खुर्चीवर बसले. हमीदाभाभींनी चहा आणला. कप घेताना उस्मानभाईंचा हात थरथरला आणि नव्या, लख्ख फरशीवर चहा सांडला. ते केवढ्याने दचकले! कप ठेवून, खांद्यावरचं फडकं ओढून, गुडघ्यांची कुरकुर सोसत ते वाकायला लागले. हमीदाभाभींनी त्यांचं मनगट धरलं.

"सांडू द्या वो," त्या म्हणाल्या. "घर आपलाच हाय."

अर्धे वाकलेले उस्मानभाई सरळ झाले. मग फडकं परत खांद्यावर टाकून ते मागे टेकून बसले, आणि उरलेला चहा खाडीकडे बघत सावकाश प्यायले.